पिशवीतल्या सात्या

रेवंताबाई माणसांना अरेतुरे करायच्या आणि घोडीला अहोजाहो. सरपंचाला भर रस्त्यात थांबवून "का रे, नाली कधी बांधतं?" असं विचारणाऱ्या रेवंताबाई घोडीच्या कोठ्यात शिरल्या की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. "उठा बाई. पाय द्या. हा नाही, तो द्या." घोडीही पाय द्यायची. गावातली माणसं गमतीनं म्हणायची, नवरा सुखदेव गेला पण घरातला मान काही गेला नाही, तो घोडीला मिळाला.

एकोडीच्या शाळेत माझी नेमणूक झाली तेव्हा मी त्यांच्या घरातली रस्त्याकडची खोली भाड्यानं घेतली होती. मी भंडाऱ्याची, त्यामुळे बोली कानाला परकी नव्हती. पण रेवंताबाईंचं बोलणं वेगळंच. त्या मला पहिल्या दिवसापासून 'मास्तरीन' म्हणायच्या. "का वो मास्तरीन, जेवली काय?" हा प्रश्न त्या विचारायच्या तेव्हा हातात ताट आधीच असायचं. नाही म्हणायची सोय नव्हती.

त्यांचे यजमान सुखदेव वरातीची घोडी ठेवायचे. चांदणी नावाची पांढरी घोडी. शिंगरू असताना आणली आणि ढोलाच्या तालावर पाय उचलायला त्यांनीच शिकवली. तळ्याखाली थोडी धानाची शेती होती, पण सुखदेवांचा जीव घोडीतच. एका उन्हाळ्यात धानाच्या बांधीच्या पाळीवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्याबसल्या ते गेले. मुलगा पुण्याला कंपनीत. तेराव्याला आला तेव्हा म्हणाला, घोडी विकून टाकू. रेवंताबाई म्हणाल्या, "मंग सकाळी उठून मी बोलू कोनासंग? तुह्या फोनसंग?"

घोडी राहिली. आणि पुढच्या लगनसराईत रेवंताबाई स्वतः लगाम धरून वरातीपुढं चालायला लागल्या.

हे साधं नव्हतं. विधवा बाई, नवरदेवाच्या घोडीचा लगाम हातात. पहिल्याच लग्नात नवरदेवाच्या आत्यानं मांडवाच्या दाराशी हरकत घेतली. घोडी चालेल, बाई नको. लगाम दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. वाजंत्री थांबली होती, लोक बघत होते. रेवंताबाई म्हणाल्या, "घोडीले तरी कुठं नवरा आहे? तिच्यावर बसता तुम्ही. मंग मीच काहून लांब उभी राहू?" माणसं हसली, आत्या गप्प झाल्या आणि वरात पुढं गेली. ही गोष्ट मला गावात निदान पाच जणांनी सांगितली, प्रत्येकानं आपल्या परीनं वाढवून. रेवंताबाईंनी स्वतः मात्र कधी सांगितली नाही. एकदा मी विषय काढला तेव्हा चुलीत फुंकर मारत त्या एवढंच बोलल्या, "हसले ना लोकं. आयकलं कुठं?" कारण त्यानंतर बहुतेक लग्नघरं फोनवरच सांगायची: घोडी पाठवा, काकू, पण लगामाला माणूस आमचा. त्या मग वरातीच्या मागं, जनरेटरच्या गाडीशेजारून चालायच्या. निघण्याआधी चांदणीच्या कानात कापसाचे बोळे घालायच्या, डीजेचा आवाज सहन व्हावा म्हणून. घोडीपासून लांब ठेवलं तरी तिच्यावरची नजर काही कुणाला काढून घेता यायची नाही.

सात्यांचा नाद त्यांना नंतर लागला.

आमच्याकडं पावसाळ्यात वारुळाजवळ, जंगलाच्या कडेला ज्या अळंब्या उगवतात त्यांना सात्या म्हणतात. साकोलीला बचत गटाच्या बायकांना धिंगरी अळंबीचं शिक्षण मिळालं, म्हणजे धानाच्या वाळल्या पेंढ्यावर, तणसावर, पिशवीत वाढवायची अळंबी. गटातल्या बाकीच्या बायकांनी एक हंगाम करून सोडून दिलं. रेवंताबाईंनी कोठ्याला लागून कुडाची खोली उभी केली, भिंतींना ओली गोणपाटं लावली आणि आत पिशव्या टांगल्या. तणस तोडायचं, उकळत्या पाण्यात बुडवायचं, निथळायचं, मग प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर आणि मध्ये बियाणं. काही दिवसांत तणस पांढरंशुभ्र व्हायचं आणि पिशवीला पाडलेल्या भोकांतून कानाच्या पाळीसारख्या अळंब्या बाहेर यायच्या. त्या खोलीत चप्पल घालून कुणी गेलं की रेवंताबाईंचा आवाज तळ्यापलीकडं ऐकू जायचा. "सात्यायले नजर लागत नाही रे, घान लागते!" साकोलीच्या बाजारात त्या 'पिशवीतल्या सात्या' म्हणूनच विकायच्या. मशरूम म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला त्या शहरातला समजायच्या.

त्याच वर्षी चांदणीची तब्येत बिघडली. चंदी पोटभर खायची, तरी बरगड्या दिसायच्या. पोट मात्र फुगलेलं. शेपूट भिंतीला घासून घासून मुळाशी केस राहिले नव्हते. जनावरांच्या दवाखान्यातले पटले डॉक्टर तरुण होते, नवे होते, पण मनापासून काम करणारे. त्यांनी लीद तपासली आणि सांगितलं, पोटात जंत आहेत, खूप आहेत. इतकी वर्षं तेच एक औषध दिलं गेलंय, त्याला ते जुमानत नाहीत. त्यांनी औषध बदललं, वेळा ठरवून दिल्या आणि कोठ्यातली लीद रोजच्या रोज उचलून लांब टाकायला सांगितलं.

मग एक दिवस चांदणीनं दावं तोडलं. उकिरड्याशेजारी रेवंताबाई जुन्या पिशव्यांतलं तणस टाकत. ज्या पिशव्यांतून अळंबी येऊन संपली, त्यांतलं पांढऱ्या बुरशीनं भरलेलं तणस. घोडीनं त्या ढिगावर ताव मारला. रेवंताबाई आधी घाबरल्या, मग मीही. पण चांदणीला काही झालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच ढिगाकडं ओढ घ्यायला लागली. रेवंताबाईंनी लीद काठीनं फोडून पाहिली, वास घेतला आणि ती डॉक्टरांकडं घेऊन गेल्या.

मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर साकोलीला गेले होते, म्हणून हे मला नीट आठवतं. डॉक्टरांनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून बघायला सांगितलं. त्या एक डोळा मिटून खूप वेळ पाहत राहिल्या. आत जंतांची अंडी दिसत होती, गोल गोल.

"हे एवढं पोटात घेऊन माही बाई वरातीत नाचत होती?" त्या म्हणाल्या. डोळा बाजूला घेतला तेव्हा तो ओला होता. बारीक नजर लावून पाहिल्यामुळं असेल असं मी मनाशी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "काकू, या अळंबीची बुरशी बारीक जंतांना धरून खाते असं मी वाचलंय. लीदीत, जमिनीत जी पिल्लं असतात त्यांना. पण घोड्याच्या पोटातल्या मोठ्या जंतांवर ती काय करते, ते मला माहीत नाही. तुम्ही द्यायचं तर द्या, साफ आणि ताजं असेल तेच. हिरवी बुरशी आलेलं अजिबात नको. आणि औषध सोडायचं नाही."

"नाही सोडत रे बाबा," त्या म्हणाल्या.

आणि खरंच सोडलं नाही. विकली न जाणारी देठं उन्हात वाळवायची, कुटायची आणि चंदीत मिसळायची. चांगल्या पिशवीतलं तणस थोडं थोडं द्यायचं. डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी औषध. रोज सकाळी लीद उचलून दूरच्या खड्ड्यात. हिवाळा सरेपर्यंत चांदणीची कातडी अशी झाली की तिच्या पाठीवरून ऊन घसरायचं. लीद पुन्हा तपासली, अंडी फार कमी झाली होती. डॉक्टरही खूश झाले, पण म्हणाले, "औषध बदललं, कोठा साफ झाला आणि सात्याही चालू. नेमकं कशानं झालं ते मी कसं सांगू?"

रेवंताबाई उठून पदर झटकत म्हणाल्या, "तू नको सांगू. मले माहीत आहे."

त्यांच्या स्वभावातलं हे एक होतं. एखादी गोष्ट मनात बसली की बसली. तळ्याचं पाणी कधी सोडायचं, धान कधी कापायचं, यावरही त्या अशाच बोलायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर निघायच्या. बरोबर निघण्याची सवय माणसाला लागते.

त्या लगनसराईत साकोलीला एकाच रस्त्यावर दोन वराती समोरासमोर आल्या. दुसऱ्या वरातीत शहापूरच्या नामदेव भुरेंची बग्गी होती आणि तिला जुंपलेला राजा नावाचा बदामी घोडा. नामदेवभाऊंचंही सगळं घर या एका घोड्यावर चालायचं. वाट मोकळी होईपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले. चांदणीकडं बघून नामदेवभाऊंनी विचारलं, काय घालता हिला? रेवंताबाईंनी सांगितलं, सात्या. तिथं साकोलीचा एक मोबाईलवर बातम्या करणारा तरुण होता. त्याला ही बातमी वाटली. दोन दिवसांनी तो एकोडीला आला.

मी शाळेत होते. व्हिडिओ मी इतरांसारखाच फोनवर पाहिला. रेवंताबाई नवं लुगडं नेसून कोठ्यापुढं उभ्या, मागं चांदणी. त्यानं विचारलं, "मग काकू, जंतांचं औषध?" आणि त्या कॅमेऱ्याकडं सरळ बघत म्हणाल्या, "औषध कायले पायजे? माह्या घोडीले तनसातल्या सात्यायनं बरं केलं."

संध्याकाळी मी विचारलं, "काकू, डॉक्टरांच्या औषधाचं का नाही सांगितलं?"

"सांगतलं होतं वो. त्यानं कापलं असन."

मी तेवढ्यावर विश्वास ठेवला. न ठेवण्यासारखं काही नव्हतं.

व्हिडिओ फार पसरला. नागपूरकडून, बालाघाटकडून, छत्तीसगडातून फोन यायला लागले. घोडेवाले, टांगेवाले, शेळ्यांवाले. काही जण गाडी घेऊन थेट दारात. ज्या दारात पूर्वी 'घोडी पाठवा, तुम्ही नका येऊ' असा निरोप यायचा, तिथं परगावची माणसं चपला काढून बसायची आणि रेवंताबाई बोलायच्या ते मान हलवत ऐकायची. त्या अळंबी काढून झालेल्या तणसाच्या पिशव्या देऊन टाकायच्या, पैसे घ्यायच्या नाहीत. त्या दिवसांत त्यांची चालही बदलली होती. बाजारात त्या मधोमध चालायच्या. मला ते पाहून बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं. नामदेव भुरेही एकदा येऊन तसल्या तणसाचं पोतं घेऊन गेले.

मग पावसाळा लागला, रोवणी झाली आणि गर्दी ओसरली.

धान पोटरीत आलं होतं, लोंब्या फुटायच्या होत्या, तेव्हाची गोष्ट. बाजारातून रेवंताबाई परत आल्या त्या अळंबीची अर्धी टोपली तशीच घेऊन. न विकता परत आणलेली टोपली मी पहिल्यांदा पाहत होते. त्या ओट्यावर बसल्या. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं.

"शहापूरचा घोडा मेला," त्या म्हणाल्या.

बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. पोटशूळ झाला, एका दिवसात गेला. आणि सांगणाऱ्यानं पुढं असंही म्हटलं होतं की नामदेवनं व्हिडिओ पाहून जंतांचं औषध बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या पटले डॉक्टरांकडं गेल्या. डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं. पोटशूळ कशानंही होतो. चाऱ्यानं, पाण्यानं, वाळूनं, जंतांनी. त्या घोड्याचं पोट उघडून कुणी पाहिलेलं नाही. जंतांनीच गेला असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. ओल्या दिवसांत नेलेल्या तणसाला हिरवी बुरशी आली असेल, तेही असू शकतं. किंवा यातलं काहीच नसेल.

रेवंताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. एका शब्दानं उलट बोलल्या नाहीत. ते मला जास्त भीतीदायक वाटलं.

रविवारी म्हणाल्या, "शहापूरले चाल माह्यासंग. येकटीनं जायचं होत नाही."

साकोलीहून नागपूरच्या बसनं आम्ही गेलो. वाटेत मी डॉक्टरांचं बोलणं पुन्हा काढलं. म्हटलं, तुमच्यामुळंच झालं असं कुठं ठरलंय?

"ते डॉक्टरनं म्हनावं," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "मी म्हनू नये."

नामदेवभाऊंचं घर महामार्गापासून आत, अंगण मोठं. बग्गी एका बाजूला ताडपत्री टाकून ठेवलेली. ताडपत्रीखालून चांदीच्या रंगाचं एक चाक दिसत होतं. ते स्वतः पाटावर बसून खाटेची नवार, विणायची पट्टी, ओढत होते. त्यांची बायको कमलबाई दारात आली, आम्हाला बघून थबकली, आणि तरी आत जाऊन पाणी घेऊन आली.

"भाऊ, मी एकोडीची," रेवंताबाई म्हणाल्या. त्या उभ्याच होत्या.

"वळखलं. फोनवर रोज दिसता."

"घोड्याचं आयकलं."

नामदेवभाऊ नवार ओढत राहिले. मग आपण होऊन बोलायला लागले. सकाळी पाहतो तर राजाच्या अंगाला घाम. पुढचे पाय आपटून राहिला, मान वळवून पोटाकडं पाहून राहिला. खाली बसला, लोळला. डॉक्टर आला, सुया दिल्या. उठवून उठवून अंगणात फिरवला. दुपारी पाय दुमडले ते दुमडलेच. ते सगळं ते जमिनीकडं बघून बोलत होते. शेवटी म्हणाले, "औषध द्याची येळ झाली होती. हे म्हने," त्यांनी बायकोकडं मान केली, "देऊन टाका. मी म्हनलं, एकोडीची बाई देत नाही, तिची घोडी पाहा कशी चमकते."

अंगणात कोंबड्या दाणे टोचत होत्या. रेवंताबाई म्हणाल्या, "मी देत होती, भाऊ."

नामदेवभाऊंचे हात थांबले.

"डॉक्टरनं देल्लेलं औषध मी येळच्या येळी देत होती. सात्या वरून देत होती. एक दिवस चुकली नाही."

"व्हिडिओत तं तुम्ही म्हनलं, औषध कायले पायजे."

"म्हनलं."

"त्यानं कापलं नाही काही?"

"नाही. मीच म्हनलं."

मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"काहून?" नामदेवभाऊंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. त्यानंच रेवंताबाई मोडल्या. त्या खाली बसल्या, जमिनीवरच.

"लोकं आयकून राहिले होते, भाऊ. माहं कोनी असं कधी आयकलं नाही. वाटलं, आपलंच सारं असावं. अर्धं डॉक्टरचं कायले सांगा."

कमलबाई आत निघून गेल्या. आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. नामदेवभाऊ म्हणाले, "इथी माह्यापुढं सांगून का होते? जिथी सारे पाहतेत तिथी सांगा."

रेवंताबाईंनी होकाराची मान हलवली. मग म्हणाल्या, चांदणीला घेऊन जा, दावणीला बांधा. नामदेवभाऊ म्हणाले, "नको. तुमच्या घोडीकडं पाहिलं का मले माहा राजा दिसन."

परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. लाखनीच्या आसपास त्या एकदाच म्हणाल्या, "तुलेही खोटं सांगतलं होतं." मी त्यांचा हात हातात घेतला. तो कोरडा आणि गरम होता.

दुसरा व्हिडिओ करून घ्यायला त्यांना त्या तरुणाच्या मागं लागावं लागलं. तो टाळत होता. "काकू, असं कोन पाहते? लोकायले चांगलं पायजे." शेवटी त्या त्याच्या घरापुढं जाऊन बसल्या, तेव्हा तो आला. या वेळी मी हजर होते. लुगडं रोजचंच. त्या म्हणाल्या, "मी रेवंताबाई लांजेवार. आधी मी जे म्हनलं ते खोटं होतं. घोडीले डॉक्टरचं औषध चालू होतं. सात्या मी वरून देत होती. सात्यायनं किती झालं, औषधानं किती झालं, मले माहीत नाही, डॉक्टरलेही माहीत नाही. माह्या बोलन्यापायी एकानं औषध बंद केलं, त्याचा घोडा मेला. लीद तपासा, डॉक्टरले विचारा, मंग काय द्याचं ते द्या." एवढं बोलून त्या आत गेल्या.

तो व्हिडिओ गावातल्या लोकांनी पाहिला. बाहेर फार कुणी पुढं पाठवला नाही. जे थोडे पाहणारे होते त्यांनी खाली लिहिलं की औषध कंपन्यांनी बिचारीला दाबलं, पैसे देऊन बोलायला लावलं, खरं ती पहिल्या व्हिडिओतच बोलली होती. मी त्यांना ते वाचून दाखवावं की नाही या विचारात होते. त्यांनीच विचारलं, म्हणून वाचलं. "खरं बोलली तं इकली गेली म्हनतेत," त्या म्हणाल्या. आणि पहिला व्हिडिओ फिरतच राहिला. नवी गाणी लावून, नवी नावं देऊन, कधी नुसता त्यांचा चेहरा आणि ते एक वाक्य.

दिवाळीनंतर कमलबाई एकट्याच आल्या. ओट्याच्या कडेला बसल्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. लगनसराई तोंडावर होती, बग्गी ठरलेली होती, आणि जुंपायला जनावर नव्हतं. "त्यायले माहीत नाही मी आली ते," त्या म्हणाल्या. "घोडी द्यान काय? सराईपुरती."

"सराईपुरती कायले?" रेवंताबाई म्हणाल्या.

न्यायला नामदेवभाऊ छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले. रेवंताबाईंच्या नजरेला नजर देत नव्हते. त्यांनी चांदणीच्या अंगावरून एकदा हात फिरवला, सराईत माणसाचा हात, आणि तो तिच्या मानेवर थोडा जास्त वेळ राहिला. रेवंताबाईंनी त्यांना औषधाच्या वेळा सांगितल्या आणि परत म्हणून घेतल्या. शाळेत मी मुलांकडून पाढे म्हणून घेते तशा. नामदेवभाऊंनी निमूटपणे म्हटल्या. बग्गीला ती कधी जुंपलेली नाही, हळूहळू सवय करा, हेही सांगितलं. सात्यांचा विषय कुणीच काढला नाही.

चांदणी टेम्पोला लावलेल्या फळीवर चढेना. दोघांनी ओढलं, मागून रेटलं, ती पाय रोवून उभी. रेवंताबाई कोठ्याच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढं आल्या, तिच्या गळ्याखाली हात घातला. "चढा बाई. असं नाही करत. कामावर जायाचं आहे तुमाले." घोडी चढली. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत रेवंताबाईंनी निरोपाला वर केलेला हात खाली घेतला नव्हता.

चांदणी परत आली नाही, आणि रेवंताबाईंनी परत मागितली नाही. शहापूरला ती चांगली राहिली, बग्गीला सरावली, असं ऐकलं. तिकडं जाणाऱ्या कुणालाही त्या थांबवून विचारायच्या, लीद तपासली का म्हणावं. अळंबी त्या अजूनही करत होत्या, बाजारात विकत होत्या, पण संपलेल्या पिशव्यांतलं तणस आता खड्ड्यात पुरायच्या आणि वर माती लोटायच्या. कुणी मागायला आलं तर द्यायच्या नाहीत. सकाळी कोठ्यातून आवाज येत नसे. मी कधी कधी मुद्दाम मोठ्यानं दार उघडायची, म्हणजे निदान माझ्यावर तरी ओरडतील म्हणून.

पुढं माझी बदली भंडाऱ्याजवळ झाली. परवा माझं राहिलेलं कपाट न्यायला एकोडीला गेले होते. रेवंताबाई वाळल्या होत्या. चहा केला, शाळेतल्या पोरांची नावं घेऊन चौकशी केली. तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता, कुठल्याशा गावाहून, त्याच्याकडं दोन घोडे होते.

"नहीं भैया," रेवंताबाई म्हणाल्या. "वो मैं गलत बोली थी. पहले डॉक्टर को दिखाव. सुनो. पहले डॉक्टर..."

त्यानं मध्येच काहीतरी विचारलं. बहुधा पिशव्या किती लागतील ते. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, शब्द न बदलता. मग फोन कानापासून दूर धरून पडद्याकडं पाहिलं. कट झाला होता.

"रेंज नाही म्हनून कटला असन," मी म्हटलं.

"असन," त्या म्हणाल्या. "पन त्यानं अर्धंच आयकलं." आणि चपला घालून निघाल्या. घरात रेंज टिकत नाही, तळ्याच्या पाळीवर चांगली येते. मला म्हणाल्या, बस, मी आलीच. मी थांबले. कपाट गाडीत चढवून झालं, ड्रायव्हर घाई करायला लागला, तरी त्या आल्या नाहीत. कप धुऊन ठेवून मी दार ओढून घेतलं.

गाडी तळ्यावरून गेली तेव्हा त्या पाळीवर उभ्या दिसल्या. खाली धान कापून मोकळ्या झालेल्या बांध्या, वर त्या एकट्या, फोन कानाला लावलेला. मी काच खाली करून हात हलवला. त्यांचं लक्ष नव्हतं. ओठही हलत नव्हते. पलीकडं अजून रिंगच वाजत असावी.